ऑटोच्या भाड्यातून ट्रान्स्पोज

नागपूरच्या नंदनवनात माझी शिकवणी आहे. मॅट्रिक्सचा (म्हणजे आकड्यांच्या तक्त्याचा) ट्रान्स्पोज काढा, म्हणजे ओळींचे स्तंभ करा, म्हटलं की इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पोट्टी सरळ वही फिरवतात. अरे, फिरवायचं नाही, पालथं घालायचं! पातळ चौरस कागदावर ठळक पेनानं ३ बाय ३ मॅट्रिक्स लिहा. डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा कोपरा चिमटीत धरा, त्याच तिरक्या रेषेवर कागद उलटवा आणि उजेडासमोर धरा. आकडे वाकडे दिसतील, तुम्ही फक्त जागा बघा. पहिली ओळ पहिला स्तंभ झालेली असते. त्या तिरक्या रेषेवरचे, म्हणजे कर्णावरचे, आकडे मात्र जागचे हलत नाहीत.

उलटवूनही मॅट्रिक्स जशीच्या तशी राहिली, तर ती सिमेट्रिक. मेट्रोच्या भाड्याचा तक्ता तसा असतो: खापरी ते बर्डी जेवढं, तेवढंच बर्डी ते खापरी. ऑटोचं तसं नाही बाप्पा. बर्डी, सदर, महाल या क्रमानं मला ऑटोवाल्यांनी सांगितलेले भाव हे असे. ओळ म्हणजे कुठून, स्तंभ म्हणजे कुठे:

०  ६०  ५०
८०  ०  ९०
७०  १००  ०

बर्डीहून सदर ६०, परत येताना ८०. का, ते विचारायची सोय नाही. आता हिच्यात हिचाच ट्रान्स्पोज मिळवा आणि निम्मं करा:

०  ७०  ६०
७०  ०  ९५
६०  ९५  ०

ही सिमेट्रिक निघाली, आणि कुठलीही चौरस मॅट्रिक्स घेतली तरी निघणारच, कारण जाण्याचा न् येण्याचा भाव मिळवताना क्रमानं फरक पडत नाही. मिळवण्याऐवजी वजा करून निम्मं केलं तर उरते ती घासाघीस:

०  −१०  −१०
१०  ०  −५
१०  ५  ०

उलटवली की हिची फक्त चिन्हं बदलतात. हिला स्क्यू-सिमेट्रिक म्हणतात. चिन्ह बदलूनही तोच राहणारा आकडा शून्यच, म्हणून हिच्या कर्णावर शून्याशिवाय काही बसूच शकत नाही. दोन्ही तुकडे मिळवा, मूळ भाव परत हजर.

मार्क जातात ते गुणाकारात. क आणि ख या दोन मॅट्रिक्स असतील, तर ‘क गुणिले ख’चा ट्रान्स्पोज घेताना क्रम उलटतो: आधी ख-ट्रान्स्पोज, मग क-ट्रान्स्पोज. त्यामुळे दोन सिमेट्रिक मॅट्रिक्सचा गुणाकार सिमेट्रिक येईलच असं नाही; दोघींचा क्रम बदलूनही उत्तर तेच येत असेल तरच येतो. पटत नसेल तर (स्वल्पविरामानंतर दुसरी ओळ) (१ ०, ०  २) ला (० १, १ ०) नं गुणा. दोन्ही सिमेट्रिक, आणि उत्तर (० १, २ ०).