विद्यापीठात स्वयंसेवक उपक्रम सुरू करताय? आधी परीक्षांच्या तारखा बघा

पोस्टर, गूगल फॉर्म, व्हॉट्सअॅप ग्रुप हे सगळं तुम्हाला येतं, त्यात वेळ घालवत नाही. राष्ट्रीय सेवा योजनाही माहीत असेल: 1969 पासून चालू, वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 आणि सात दिवसांचं विशेष शिबिर. तुमच्याकडे तिचं एकक असेल तर वेगळी चूल मांडण्याआधी कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. शाळेला द्यायच्या पत्रावर कोणाची सही लागते आणि ती किती दिवसांत मिळते, हे त्यांना तोंडपाठ असतं.

आमचा उपक्रम साधा होता. महापालिकेच्या एका शाळेत दर शनिवारी सकाळी तिसरी-चौथीच्या मुलांसोबत वाचन. मुलं जमली, पुस्तकं जमली, मुख्याध्यापिकाही आनंदाने हो म्हणाल्या. आणि तरी नोव्हेंबरात सगळं ठप्प झालं.

कारण शाळेचं वर्ष आणि विद्यापीठाचं वर्ष एकमेकांना जुळत नाही. हे नीट समजून घ्या, कारण पुण्यात हे फार जोरात अंगावर येतं. शाळा जूनच्या मध्यात उघडते, तेव्हा आपल्याकडे प्रवेशांची धावपळ असते. स्वयंसेवक हाताशी येईपर्यंत ऑगस्ट उजाडतो. तोवर निम्मी मुलं ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जात असतात, मग गणपतीचे दहा दिवस. ते संपले की अंतर्गत परीक्षा, सबमिशन, सत्र परीक्षा. दिवाळीला वसतिगृह रिकामं होतं. नांदेड, लातूर, जळगावची मुलं घरी जातात. जानेवारीत पुन्हा घडी बसते आणि मार्चपासून पुन्हा परीक्षेचं वारं. शाळेतल्या मुलांची वार्षिक परीक्षा तोंडावर असते, त्यांना आपली सर्वांत जास्त गरज असते आणि नेमके तेव्हा आपण गायब.

मुख्याध्यापिका मला शांतपणे म्हणाल्या होत्या, "तुमची परीक्षा आली की तुम्ही येत नाही. आमची आली, तरीही तुम्ही येत नाही." चौथीतल्या एका मुलीने बिस्किटाच्या पुड्याचा कागद दुमडून गोष्टीच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवला होता. ती रोज विचारायची, चष्मेवाली ताई कधी येणार? पुढचं पान तिला त्याच ताईबरोबर वाचायचं होतं.

म्हणून "वर्षभर येऊ" असा शब्द कोणालाही देऊ नका. शाळेला तर नाहीच. सहा-सहा शनिवारांचे दोन तुकडे ठरवा, एक गणपती-परीक्षांच्या अलीकडे-पलीकडे जिथे बसेल तिथे आणि एक जानेवारी-फेब्रुवारीत. शेवटचा शनिवार कोणता, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. निरोप ठाऊक असला की मुलं तो समजून घेतात. मुलांच्या प्रत्येक गटाला एका स्वयंसेवकाऐवजी जोडी द्या, त्यातलं एक जण पुण्यातच घर असलेलं आणि शक्यतो दुसऱ्या विभागातलं, म्हणजे दोघांच्या परीक्षा एकाच आठवड्यात येणार नाहीत.

दोन तासांचा शनिवार धरला तर बारा शनिवारांचे 24 तास होतात. सेवा योजनेच्या 120 च्या शेजारी हा आकडा इवलासा दिसतो आणि मग वहीत न केलेले तास भरायचा मोह होतो. भरू नका. त्या 120 मध्ये प्रशिक्षण आणि आवारातलं कामही धरलेलं असतं, तयारीचे तास रीतसर नोंदवा.

प्रमाणपत्राचं आमिष पहिल्या दिवशी दाखवू नये, असं माझं ठाम मत आहे. टी-शर्ट तर पहिल्या वर्षी छापूच नका. त्या पैशांत पुस्तकं येतात. नोंदणीला वर्ग भरला आणि तिसऱ्या शनिवारी मूठभरच उरले, तर मात्र खचू नका. ते तसंच होतं, सगळीकडे होतं. गळालेल्यांवर राग धरू नका. दर आठवड्याला न येणारा मुलगा आषाढी वारीची पालखी पुण्यात येते तेव्हा पाणीवाटपाला दिवसभर उभा राहतो, विसर्जनाला घाटावर निर्माल्य गोळा करतो. त्याचं नाव वेगळ्या यादीत ठेवा आणि तशा दिवशी हक्काने बोलवा.

मार्गदर्शक निवडताना पदाकडे बघू नका. शनिवारी सकाळी फोन उचलणारे साहाय्यक प्राध्यापक मोठ्या नावापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतात. विभागातल्या क्लार्कशी चांगलं राहा, आमची अडलेली पत्रं त्यांनीच हलवली.

एका बाबतीत मात्र अजिबात सवलत नाही. एकट्या स्वयंसेवकाने बंद खोलीत मुलांसोबत बसायचं नाही, दार उघडं आणि शाळेतलं कोणीतरी जवळपास हवं. मुलांचे चेहरे इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत, कितीही गोड फोटो असला तरी. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदा काय सांगतो, ते पहिल्या बैठकीतच सगळ्यांना समजावून सांगा. ज्याला हे जाचक वाटतं, त्याला घेऊ नका.

पुढच्या वर्षीचं काम कोण बघणार, हे जानेवारीतच ठरवा. एमएच्या दुसऱ्या वर्षाची मुलं उन्हाळ्यात निघून जातात आणि कोणाचं वाचन कुठवर आलं त्याची वहीही त्यांच्या बॅगेतून जाते. शनिवारांच्या दुसऱ्या तुकड्यात पहिल्या वर्षाच्या दोघांना सोबत न्या, मुख्याध्यापिकांशी ओळख करून द्या, वही त्यांच्याकडे सोपवा. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा नवे स्वयंसेवक अजून प्रवेशाच्या रांगेत असतील. मुलांना भेटायला ही दोघंच जाणार आहेत.