माळ्यावरचा ॲनालॉग सिंथ: पिन लावण्याआधी आणि नंतर

जुना सिंथ (सिंथेसायझर, विजेवर सूर तयार करणारा कीबोर्ड) घरी आला की पहिला मोह होतो तो पिन लावून बघायचा. तो आवरा. चाळीस वर्षांच्या या यंत्रांचं बरंचसं नुकसान त्या पहिल्याच मिनिटात होतं आणि ते टाळता येतं. इथं उदाहरणाला दोन मशिनं घेतली आहेत: १९८१चा कॉर्ग पॉलिसिक्स आणि १९८४चा रोलंड जूनो-१०६. दोन्हींत सहा आवाज आहेत, म्हणजे एका वेळी सहा सूर वाजतात, दोन्ही जपानी आहेत, पण दोघांची दुखणी अगदी वेगळी आहेत. इतर मॉडेललाही कामाचा क्रम हाच ठेवा.

व्होल्टेज

मागच्या पट्टीवर काय छापलंय ते वाचा. जपानच्या बाजारासाठी बनलेलं मशिन १०० व्होल्टचं, अमेरिकेतून आलेलं ११७ किंवा १२० व्होल्टचं. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात ते थेट लावलं तर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि नशीब वाईट असेल तर पुढचे बोर्डही जातात. प्रवासात हेअर ड्रायरसाठी वापरतात तो हलका कन्व्हर्टर इथं चालत नाही. तो वीज कापून-कापून देतो, व्होल्टेज उतरवत नाही. खरा, तांब्याच्या वायरचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरच लागतो.

बाजारात तयार मिळतो तो बहुतेक ११० व्होल्टचा. रात्री लाईनला २५० व्होल्ट आले की तो जवळपास १२० देतो. म्हणजे १०० व्होल्टच्या मशिनला वीस टक्के जादा. मशिन लगेच बंद पडत नाही, पण आतला रेग्युलेटर तापत राहतो आणि शेजारचे कपॅसिटर सुकत जातात. त्यापेक्षा इथं कोल्हापुरात उद्यमनगरात रिवाइंडिंगवाल्याकडून एक बांधून घ्या. त्याला असं सांगा: १०० व्हीए, प्रायमरी २३०, सेकंडरीला १०० आणि १२० असे दोन टॅप, आणि दोन्ही वाइंडिंग वेगळी हवीत, ऑटो-ट्रान्सफॉर्मर नको. प्रायमरीला अर्ध्या अँपियरचा आणि सेकंडरीला एक अँपियरचा स्लो-ब्लो फ्यूज बसवा. साधा फ्यूज चालू करतानाच्या झटक्यानं उगाच उडतो, आणि मग कोणीतरी त्या जागी जाड तार लावून मोकळा होतो. तीन पिनांचं मशिन असेल तर हम (स्पीकरमधला सततचा गुणगुण आवाज) कमी करायला अर्थिंगची पिन कधीही तोडू नका.

उघडल्यावर आधी बॅटरी बघा

वायर काढून दहा मिनिटं थांबा, मग झाकण उघडा. जपानी स्क्रू साध्या फुली पेचकसानं घसरतात आणि त्यांची डोकी गुळगुळीत होतात. जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा पेचकस आणा. तो नसेल तर खाचेत घट्ट बसणाराच वापरा आणि फिरवताना दाबून धरा. एकही कनेक्टर काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या.

पॉलिसिक्समध्ये केएलएम-३६७ या बोर्डावर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळते आणि तांब्याचे ट्रॅक खाते. हिरवट-निळी बुरशी दिसली की समजा, काम इथंच आहे. पॉलिसिक्स विकत घेतानाही आवाजाआधी या बोर्डाचा फोटो मागा. अनेकजण ही घाण खायच्या सोड्यानं साफ करायला जातात. त्याचा उपयोग होत नाही, कारण या बॅटरीतून गळतं ते ॲसिड नाही, अल्कली आहे. तिला मारायला आम्लच हवं: साधं पांढरं व्हिनेगर. बॅटरी कापून काढा, कापसाच्या काडीनं व्हिनेगर लावा, फेस थांबेपर्यंत घासा, मग डिस्टिल्ड वॉटरनं आणि शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन एक दिवस वाळवा. काळे पडलेले ट्रॅक फायबरग्लास पेननं चमक येईपर्यंत खरवडा. प्रत्येक ट्रॅक मीटरच्या बीपवर तपासा. तुटला असेल तिथं बारीक वायरचा पूल घाला. जवळच्या चिपांचे सॉकेटही आतून गंजलेले असतात, ते बदलणंच बरं.

नवीन बॅटरी बसवताना एक गोष्ट विसरू नका. मूळ सर्किट बॅटरीला चार्ज करतं. तिथं सीआर२०३२ (नाण्याएवढी लिथियम बॅटरी) थेट लावलीत तर लिथियम सेलमध्ये करंट घुसतो आणि सेल फुटू शकतो. सेलच्या रांगेत १एन४१४८ डायोड घाला, म्हणजे करंट बाहेर जाईल, आत येणार नाही. सेल होल्डरमध्ये बसवा आणि होल्डर बोर्डापासून लांब, वायरीवर ठेवा.

जूनो-१०६ला मुळातच सीआर२०३२ असते, पण ती बोर्डाला डाग देऊन बसवलेली. २.७ व्होल्टच्या खाली गेली असेल तर बदला. मात्र ती काढली की १२८ पॅच (साठवलेल्या आवाजांच्या सेटिंग) पुसले जातात. त्यामुळे हे एवढं काम मशिन नीट चालू झाल्यावर करा: आधी मागच्या टेप सेव्ह जॅकमधून पॅच लॅपटॉपवर रेकॉर्ड करा. मोनो वेव्ह फाइलच ठेवा. एमपी३ केलीत की परत लोड होण्याची खात्री नाही. परत भरताना मेमरी प्रोटेक्टचा स्विच ऑफ हवा.

पहिली वीज

रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले वापरतात तो सिरीज बोर्ड इथं सोन्याच्या मोलाचा. ६० वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब २३० व्होल्टच्या बाजूला सिरीजमध्ये घ्या. एलईडी चालणार नाही. पॉवर सप्लायकडून बोर्डांकडे जाणारे कनेक्टर आधी काढून ठेवा. स्विच टाकल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडानं जळत राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

मग बल्ब काढून मीटर लावा. प्लस १५, मायनस १५ आणि प्लस ५ व्होल्ट मोजा. पंधरावाल्यांत फरक ०.२ व्होल्टच्या आत हवा, पाचवाला ४.९ ते ५.१. पाचाचा साडेपाच झाला असेल तर बोर्ड जोडूच नका, प्रोसेसर आणि मेमरी जाईल. आकडे बरोबर असतील तर वीज बंद करून कनेक्टर जोडा आणि पुन्हा मोजा. आता व्होल्टेज पडला किंवा आवाजात जाड घरघर आली, तर पॉवर सप्लायचे मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ अंशांचे. गावात मिळाले नाहीत तर पुण्याच्या बुधवार पेठेतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणा. सगळ्या मशिनचेच कपॅसिटर सरसकट बदलायची टूम आमच्या मते चुकीची आहे. ऑसिलेटर (सूर निर्माण करणारं सर्किट) आणि फिल्टर (त्या सुराचा पोत बदलणारं सर्किट) यांच्याजवळचे फिल्म कपॅसिटर अजून उत्तम असतात. ते उपटताना ट्रॅक सुटतात आणि सूरही हलतो.

सहातला एक आवाज बिघडलाय

जूनोत ८००१७ए नावाच्या सहा चिपा असतात, प्रत्येक आवाजाचा फिल्टर आणि व्हीसीए (आवाज लहान-मोठा करणारा भाग) त्यातच. त्यावरचं काळं राळेचं आवरण वर्षांनुवर्षांनी किंचित वीज वाहू लागतं. मग तडतड, दबलेला आवाज किंवा पट्टी सोडल्यावरही चालूच राहणारा सूर. ‘की ट्रान्सपोज’चं बटण दाबून धरून मशिन चालू करा. टेस्ट मोडमध्ये प्रत्येक पट्टीला कोणता आवाज वाजतोय त्याचा क्रमांक दिसतो. आजारी चिप सापडली की ती काढून झाकणाच्या काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये दोन-तीन दिवस बुडवा आणि सुटलेलं आवरण लाकडी काडीनं अलगद काढा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि रंग असतो. केमिकलच्या दुकानातून शुद्ध ॲसिटोन घ्या. खिडकी उघडी, शेगडी बंद, आणि बरणी सिंथच्या प्लास्टिकपासून दूर. चिप गेलेलीच असेल तर नव्यानं बनवलेले पर्याय विकत मिळतात. दोन्ही वाटांनी गेलात तरी त्या आवाजाचे ट्रिमर (पेचकसानं फिरवायची बारीक जुळवणी) पुन्हा लावावे लागतात.

न वाजणाऱ्या पट्ट्यांचं कारण बहुधा साधं असतं: रबराखालच्या कार्बनवर धूळ. अल्कोहोलनं हलकं पुसा, घासू नका. खरखरणाऱ्या स्लायडरना कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, त्याचं तेल धूळ धरून बसतं.

सूर

जूनोचे ऑसिलेटर डिजिटल घड्याळावर चालतात, ते सहसा हलत नाहीत. पॉलिसिक्सचे मात्र उष्णतेनं सरकतात. झाकण लावून अर्धा तास तापू द्या, मगच ट्रिमरला हात लावा. एका आवाजावर खालचा सा ट्यूनरवर आणा, मग तीन सप्तकं वर जा. वरचा चढा असेल तर स्केलचा ट्रिमर थोडा उतरवा, खालचा पुन्हा मिळवा, परत वर जा. चार-पाच फेऱ्यांत दोन्ही टोकं जुळतात. मग पुढचा आवाज. ट्यूनरवर दोन-तीन सेंटचा (अर्ध्या सुराच्या शंभराव्या भागाचा) फरक चालतो असं वाटेल, पण शेजारी काळी एकचा तानपुरा लावून बघा. अल्लादिया खाँसाहेबांच्या आणि देवल क्लबाच्या गावात कान सहज फसत नाही.

पावसाळा

जून ते सप्टेंबर मशिन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, ओल आतच कोंडते. कापडी खोळ घाला, कपाटात आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४५ ते ५५ टक्क्यांवर राखा. अर्धा किलो सिलिका जेल पुरतं. दाण्यांचा रंग बदलला की १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरा. आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा, आतल्या उबेनं ओल जाते. २०१९ आणि २०२१चा पूर पाहिलेल्या भागात तळमजल्यावर ठेवूच नका.

पुराचं पाणी शिरलंच तर चालू करून बघू नका. बोर्ड सुटे करा, चिखल वाळायच्या आत स्वच्छ पाण्यानं धुवा, मग डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल. ट्रान्सफॉर्मर वेगळा काढून आठवडाभर कोरड्या उबेत ठेवा आणि रिवाइंडिंगवाल्याकडून ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) तपासून घ्या. प्रायमरी आणि बॉडीमध्ये किमान ५ मेगाओम दाखवल्याशिवाय तो मशिनमध्ये परत बसवू नका.