तळीचं पुरुमेंत

मे लागला की गोव्यात घरोघरी पुरुमेंत सुरू होतं. सुकी मासळी, सोलं, मिरच्या, खारातल्या कैऱ्या, जळाऊ लाकडं, सगळं चार महिन्यांच्या बेगमीचं. आमच्याकडे त्यात आणखी एक काम असतं, तळीच्या बांधाची डागडुजी. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) वरच्या अंगाला वडिलांनी व्हाळ, म्हणजे ओढा, अडवून मातीचा बांध घातला होता, सुमारे ३ मीटर उंच. त्यामागच्या तळीत आता कोणी मासे पाळत नाही. ती कमळपक्ष्यांची, बेडकांची आणि उन्हाळ्यात पाण्यावर येणाऱ्या गव्यांची. मृग ७-८ जूनला लागतो, म्हणून बांधाचं काम २५ मेपर्यंत उरकायचं असं आम्ही धरून चालतो. उशिरा टाकलेली माती बसत नाही, पहिल्या सरीला चिखल होऊन खाली येते.

एक गोष्ट आधी ठरवून घ्या. बांधावर कोणी बिऱ्हाड करता कामा नये आणि तळीतून कोणाला हुसकावता कामा नये. बहुतेक जण नेमकं उलट करतात: तळी घासूनपुसून लख्ख आणि बांधावर काजूची रांग.

सुरुवात सांडव्यापासून करा, म्हणजे तळीतलं जादा पाणी बाहेर काढून देणाऱ्या वाटेपासून. वेळ एकाच कामापुरता असेल तर तेवढंच करा आणि बाकीचं सोडून द्या. मातीच्या बांधावरून पाणी एकदा वाहू लागलं की ते स्वतःची वाट खणत जातं, मग माणसाच्या हातात काही उरत नाही. हिशेब सोपा आहे. १ हेक्टर उतारावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते १० लाख लिटर पाणी होतं. आमच्या तळीकडे साधारण ५ हेक्टर डोंगर उतरतो आणि सत्तरीत १०० मिलिमीटरचा दिवस ही काही नवलाई नाही. काही जमिनीत मुरतं, पण जुलैत जमीन भिजून तुंब झालेली असते, तेव्हा सगळंच खाली येतं असं धरा. म्हणून सांडव्यातला पाचोळा, रान, घरंगळलेले चिरे काढा. त्याचं पाणी बांधाच्या पायथ्याशी न पडता बाजूच्या टणक जमिनीवरून व्हाळाला मिळतंय ना, ते चालत जाऊन बघा. सांडव्याच्या तळापासून बांधाच्या माथ्यापर्यंत निदान १ मीटर उंची मोकळी हवी.

आणि सांडव्याला जाळी बांधू नका. मी बांधली होती. मासे वाहून जातील म्हणून बारीक नायलॉनची जाळी, चांगली ताणून. आषाढातल्या एका रात्री फणसाच्या पानांनी ती भिंतीसारखी बंद झाली. पहाटे गेलो तेव्हा पाणी माथ्याखाली चार बोटांवर होतं. कोयत्याने जाळी कापली, तासभर पाणी गर्जत राहिलं आणि मी तिथेच ओला बसून राहिलो. माशांचं म्हणाल तर पहिल्या पावसात ते उलट चढणीला लागतात, खालून वर. त्यांना जाळी नको, खडबडीत दगडांचा उतार हवा.

मग माथा. गवंड्याकडची पाण्याची नळी घेऊन दोन माणसांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पातळी बघा. माथा डोळ्यांना सरळ दिसतो आणि मध्येच वीतभर खचलेला असतो, बहुधा गुरांच्या किंवा गव्यांच्या पायवाटेवर. तिथली वरची सैल माती खरवडून चिकण माती वीतभराच्या थरांत घाला आणि प्रत्येक थर चोपा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण हाताला पाणी सुटू नये, इतपतच ओल हवी. नुसती जांभ्याची खरड टाकू नका, ती पाणी पिते. गव्यांना अडवण्याच्या भानगडीत पडू नका, गवा हा राज्यप्राणी आहे आणि तुमच्या कुंपणाला तो मोजत नाही. बांधापासून दूर, तळीच्या वरच्या टोकाला पाण्यात उतरायला सपाट वाट करून द्या. सोपी वाट सापडली की ते बांधावर येत नाहीत, निदान आमचे तरी येत नाहीत.

बिळांसाठी एक अख्खी सकाळ ठेवा. गवत घोट्याइतकं कापा, मुळासकट उपटू नका, हरळी आणि वाळा हेच उताराचं पांघरूण. मग दोन्ही उतारांवर चालत प्रत्येक भोकाला चुन्याची खूण करा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, तेव्हा खेकड्यांवर ठपका ठेवला गेला आणि लोक हसले. कुर्ल्या भोकं पाडतात हे खरंच आहे. पण त्या काही लपून पाडत नाहीत, भोक बघून पुढे जाणारा माणूस असतो. संध्याकाळी भोकात सुकी पानं सैल कोंबून ठेवा. सकाळी ढकललेली दिसली तर आत कोणीतरी आहे. घूस किंवा कुर्ली असेल तर बीळ शेवटापर्यंत खणून चिकण माती थराथरांनी ठासून भरा, वरून बूच मारून उपयोग नाही. साळिंदर, ऊद किंवा अजगर असल्याची शंका आली तर वनखात्याला फोन करा, वन्यजीव कायदा आहे.

बांधावरची रोपटी आत्ताच काढा. मोठ्या झाडाला मात्र मे महिन्यात हात लावू नका. खोड कापलं की मुळं आत कुजतात आणि प्रत्येक मुळाची नळी होते. ते काम पावसाळ्यानंतर, पाणी उतरवून, झाडं तोडायची परवानगी काढून. गोव्यात त्यासाठी १९८४ चा कायदा आहे.

तळीत मात्र हात आखडता घ्या. गाळ काढायचाच तर एका बाजूचा तिसरा हिस्सा काढा आणि बांधाच्या पायथ्याजवळ तर खणूच नका, तळाचा चिकण थर फाटला की पाणी तिथून वाट काढतं. उरलेल्या गाळात गोगलगायी, कंद, झोपलेले बेडूक असतात. जलपर्णी तेवढी सगळी उपटा, कारण पुरात तीच सांडव्यात जाऊन बसते. उपटलेली चढावर न टाकता खालच्या अंगाला वाळत घाला. कुमुदिनी राहू द्या, कमळपक्षी पावसात तरंगत्या पानांवर अंडी घालतात. पाण्यावर झुकलेल्या फांद्याही छाटू नका. मलबारी उडता बेडूक त्यांवर फेसाचं घरटं करतो आणि पिल्लं थेट खाली पाण्यात पडतात. कोणी आफ्रिकी मागूर किंवा तिलापिया अशा परक्या माशांची पिल्लं फुकट देऊ केली तर चहा पाजून परत पाठवा.

पडवीत हाताशी ठेवायचं सामान असं: वाळू भरलेली वीसेक पोती, खडी, पिकास, घमेली, कोयता, दोरखंड, चार्ज केलेली बॅटरी, गमबूट. बूट केवळ घोणसासाठी नव्हे, साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप येतो. तळीत रंगाने आकडे टाकलेला खांब आणि भिंतीवर वही. वाळू-खडी पाझरासाठी आहे. बाहेरच्या पायथ्याशी ओल किंवा स्वच्छ पाणी आलं तर वहीत लिहा आणि लक्ष ठेवा. पाणी गढूळ झालं की बांधाची माती वाहते आहे. ते बाहेरून चिखलाने किंवा ताडपत्रीने बंद करू नका, कोंडलेलं पाणी दुसरीकडे फुटतं. त्यावर आधी वाळू, मग खडी, मग दगड घाला, म्हणजे पाणी जाईल आणि माती राहील. त्याच वेळी तळाचं दार उघडून पातळी उतरवा. ते दार मे महिन्यात एकदा उघडून बघितलेलं असलं पाहिजे, आमचं दोन वर्षं गंजलेलं होतं.

खालच्या वाड्यावरच्या तीन घरांना आधीच भेटून या आणि कोणत्या खुणेवर निघायचं ते ठरवा. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या काहींना लागू आहे. ३ मीटरचा बांध तपासायला कोणी सरकारी माणूस येणार नाही, त्यामुळे त्या तीन घरांना तुम्हीच उत्तर द्यायचं. मोठ्या आवाजाची शिट्टी आणि ११२ हा आकडा प्रत्येक घरी असू द्या.

पहिला मोठा पाऊस बहुधा रात्री येतो. दोघे मिळून जा, आधी सांडवा बघा, मग बाहेरचा पायथा. पिवळे झालेले डराव बेडूक तेव्हा ओरडत असतात आणि त्यांना पकडायला पोती घेऊन निघणारेही असतात, त्यांना वाटेवरच थांबवा. बॅटरी पायथ्यावर मारा. पाण्यावर नको, तिकडे ज्याची त्याची कामं चाललेली असतात.