ऊन लागलंय? मग निदान या चुका तरी करू नका

चैत्र लागला की भरदुपारी माझ्या दाराची कडी वाजायला लागते. "सर, पोराला ऊन लागलंय, काय देऊ?" शाळेत पी. टी. शिकवण्यात सत्तावीस वर्षं गेली आणि जोतिबाच्या यात्रेत पाणपोईवर उभं राहण्यात जवळपास तेवढीच. त्यामुळं गल्लीला वाटतं सरांकडं काहीतरी औषध असणार. औषध नसतं. बहुतेक वेळा मी फक्त लोकांनी जे करून ठेवलंय ते काढतो: अंगावरची चादर, गालावरची टूथपेस्ट, तोंडाला लावलेला तांब्या.

पहिली चूक म्हणजे ऊन लागणं आणि उष्माघात एकाच पोत्यात भरायचे. डोकं चढलंय, मळमळतंय, घाम फुटलाय, पायात गोळे आलेत, पण माणूस शुद्धीत आहे आणि नीट बोलतोय, तर ते घरी निस्तरता येतं. सावली, सैल कपडे, ओला टॉवेल, घोटघोट पाणी. अर्ध्या तासात हुशारी यायला पाहिजे, नाही आली तर दवाखाना. पण माणूस बरळायला लागला, झोक जायला लागला, झटका आला किंवा हाक मारल्यावर ओ देईना, की तो उष्माघात. शरीराच्या आतलं तापमान तोवर ४० अंशांच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेलेलं असतं आणि मेंदू, मूत्रपिंडं, यकृत सगळंच शिजायला लागलेलं असतं. हे घरी बरं होत नाही. १०८ ला फोन करायचा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हात बांधून बसायचं नाही.

ते कसं, हे मी एका चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर, गायमुखाच्या वरच्या वळणावर शिकलो. वीस-बावीस वर्षांचं पोरगं, सासनकाठीबरोबर, म्हणजे देवाच्या उंच सजवलेल्या काठीबरोबर, गावाकडनं चालत आलेलं. सकाळपासून पोटात चहा आणि दोन बिस्किटं. अनवाणी, अंगभर गुलाल, डोक्यावर टोपीसुद्धा नाही. साडेबाराच्या सुमाराला धाडकन बसलं आणि कापायला लागलं. मी पोचेपर्यंत दोस्तांनी त्याला घोंगड्यात गुंडाळलं होतं. "सर, थंडी वाजाय लागलीया त्याला!" एक काका तळपायाला कांदा चोळत होते. तिसरा जीप शोधायला पळाला होता. मी पोराला विचारलं, "नाव काय तुझं?" त्यावर ते म्हणालं, "म्हसरं सोडली काय?"

मला पुढचं काही विचारायची गरज उरली नाही.

घोंगडं ओढून काढलं तर काका माझ्यावर चवताळले. अंग तापलेलं असताना गार पाणी ओतलं तर वात होतो म्हणे. दुसरा म्हणाला, "घाम येतोय की वो त्याला, उष्माघातात अंग कोरडं पडतंय." हे अर्धंच खरं आहे. घरात कोंडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं अंग कोरडं पडतं, पण राबून, पळून, नाचून आलेल्या तरण्या पोराला उष्माघात झाला तरी घाम वाहत असू शकतो. घामाकडं बघून ठरवायचं नाही, डोकं ठिकाणावर आहे का ते बघायचं. थर्मामीटर हुडकत बसायचं नाही. काखेतला थर्मामीटर आतली उष्णता कमीच दाखवतो.

पाणपोईतल्या दोन घागरी त्याच्यावर ओतल्या, चौघांना टॉवेल दिले आणि वारा घालायला लावलं. भिजलेल्या अंगावर वारा लागला की पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. कोरड्या अंगावर नुसता पंखा फिरवला, तोही तापलेल्या पत्र्याखाली, तर भट्टीचा भाता मारल्यासारखं होतं. सरबताच्या गाड्यावरचा बर्फ फडक्यात बांधून मानेला, काखेत, जांघेत ठेवला. तेवढ्यात जीप आली आणि सगळे त्याला उचलायला धावले. मी म्हटलं, थांबा. बंद जीपमध्ये पाच जणांच्या मध्ये कोंबून त्या गर्दीतनं खाली न्यायचा, म्हणजे तासभर आणखी शिजवायचा. गार करणं आधी, नेणं नंतर. फोन मात्र पहिल्याच मिनिटाला झाला पाहिजे, तो आम्ही केला होता. वीसेक मिनिटांनी त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, गावाचंही सांगितलं. रुग्णवाहिका आल्यावर वाटेतही टॉवेल ओलाच ठेवला. दोन दिवस तो दवाखान्यात होता. रक्त तपासत होते, कारण उष्णतेचा मार मूत्रपिंडांवर आणि यकृतावर दुसऱ्या दिवशीही दिसू शकतो. थंडी वाजली म्हणून पांघरूण घालणारे दोस्त भेटले की अजून कान पकडतात.

त्या गडबडीत कुणीतरी तांब्या त्याच्या तोंडाला लावला होता, तो मी हातानं उडवला. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं की ते छातीत जातं. त्याला कुशीवर वळवायचं.

तापाची गोळी द्यायची नाही. तापात मेंदूच अंगाचं तापमान वर चढवतो आणि गोळी त्या मेंदूला आवरते. इथं मेंदूनं काही चढवलेलंच नसतं, बाहेरची आणि कष्टाची उष्णता अंगात साठलेली असते. गोळी काम तर करत नाहीच, वर यकृताला त्रास.

खिशातल्या कांद्याबद्दल मी आता वाद घालत नाही. ठेवा. टोपीही घाला.

ओआरएसचं मात्र बोलणारच. पाकिटातली अर्धी पूड ग्लासात, उरलेली संध्याकाळला, असं निम्मं कोल्हापूर करतं. घट्ट झालं की पोटात ढवळतं, जुलाब होतात, आणि मग "ओआरएस सोसत नाही". पाकिटावर लिटर लिहिलंय ना, मग पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमध्ये. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात साखर चहाचे सहा चमचे आणि मीठ अर्धा चमचा, सपाट मोजून. शिगोशीग भरायचं नाही. मीठ जास्त झालं तर उपाय नुसताच चुकत नाही, अपाय होतो. मीठ घातलेलं पातळ ताक चालतं, पन्हं चालतं. दुकानातल्या रंगीत गोड पेयांवर ओआरएस लिहायला २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं बंदी घातली, ती उगीच नाही. बीपी, साखर किंवा किडनीचं औषध चालू असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरला विचारा. आणि त्या रात्री तांबडा रस्सा नको, उद्या खा. दारू तर नकोच.

आता भाजलेली कातडी. इथं माझी पुतणीच गुन्हेगार. मे महिन्यात पन्हाळ्याला स्कूटरवर गेली, बाह्या आखूड, आभाळ थोडं भरलेलं, म्हणून "ऊन कुठं होतं?" ढगातनंही अतिनील किरण येतातच. उन्हाचा मार लगेच दिसत नाही. लाली तीन-चार तासांनी चढते आणि बारा ते चोवीस तासांनी सगळ्यात जास्त होते. हे माहीत नसलं की माणूस सैरभैर होतो. संध्याकाळी तिनं बर्फ चोळला. सकाळी दंड जास्तच लाल, म्हणजे बर्फाचा उपयोग झाला नाही असं ठरवून लिंबू लावलं. झोंबलं म्हणून खोबरेल. दुपारी अंगणातली कोरफड मोडून तशीच घासली, पिवळ्या चिकासकट. रात्री खाजेनं हैराण होऊन माझ्याकडं आली. चोवीस तासांत चार उपाय, आणि एकालाही वेळ दिला नाही.

बर्फ थेट लावला तर भाजलेल्या कातडीवर वेगळी इजा होते. लिंबाचा रस लागलेल्या जागी पुन्हा ऊन पडलं तर फोड आणि काळे डाग. तेला-तुपानं आतली उष्णता कोंडते. कोरफड चालते, पण पान उभं धरून पिवळा चीक निथळू द्यायचा, धुवायचं आणि आतला गर तेवढाच घ्यायचा. मी काय करतो? नळाचं साधं पाणी दहा-पंधरा मिनिटं, मऊ सुती फडकं, मग गर किंवा बिनवासाचं साधं मलम. दिवसातनं तीन-चार वेळा, आणि गप्प बसायचं. फोड आले तर फोडायचे नाहीत. सोलणारी कातडी ओढायची नाही. मोठे फोड असतील, ताप-थंडी असेल किंवा लहान मूल असेल तर डॉक्टर. मुरुमांवर डॉक्सीसायक्लीनसारखी गोळी चालू असेल तर थोड्या उन्हानंही भाजतं, ते डॉक्टरांना सांगा. भाजलेल्या अंगावर गुलाल नको, हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं.

टूथपेस्ट दातांना लावा.

शेवटी पोलीस भरतीची पोरं. यांच्याइतकी घाई मी कुठंच पाहिली नाही. एसीत परीक्षेचा अभ्यास करून एप्रिलात एकदम दुपारी सोळाशे मीटर पळायला उतरतात. अंगाला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, रोज थोडं थोडं वाढवत. ऊन लागून गेल्यावर दुसऱ्या दिवशी बरं वाटतं ते फसवं असतं, दोन-तीन दिवस तरी पळणं बंद. उष्माघात होऊन गेला असेल तर किमान आठवडा काहीच नाही, आणि नंतरही डॉक्टरनं हो म्हटल्याशिवाय नाही. लघवी चहासारखी काळपट झाली तर मैदान सोडा, थेट दवाखाना गाठा.

गेल्या उन्हाळ्यात एकाला दुपारी चक्कर आली. गार केलं, पाणी पाजलं, घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला गडी मैदानावर हजर, हातात नवं स्टॉपवॉच. "सर, बरं वाटतंय की, एकच राउंड मारतो." घड्याळ काढून घेतलं आणि म्हटलं, चार दिवसांनी आईला घेऊन ये. आई दुसऱ्याच दिवशी आली, मला दम द्यायला. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं घड्याळ माझ्याकडंच ठेवायला सांगितलं.