दुर्मीळ सिनेमा ‘कंटाळवाणा’ ठरवण्याआधी या चुका टाळा

इराणी कवयित्री फरूग फरोखजादचा ‘द हाउस इज ब्लॅक’ हा १९६२ सालचा माहितीपट जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा आहे. तबरीजजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत तो चित्रित झाला. सोलापुरात घरच्या टीव्हीवर मी तो लावला आणि दोनच मिनिटांत आई म्हणाली, “अगं, ह्यांची तोंडं अशी पसरट कशी दिसतात?” मला वाटलं, आजारामुळे. मग मागच्या दाराच्या चौकटीकडे लक्ष गेलं. तीही आडवी ताणलेली होती. जुनं, जवळपास चौकोनी चित्र आमचा टीव्ही ओढून पडदाभर करत होता. रिमोटवरून चित्राचा आकार ४:३ केला, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि चेहरे जागेवर आले. आजाराने जे केलं नव्हतं, ते आमच्या टीव्हीने त्या माणसांचं केलं होतं. मला फार अपराधी वाटलं. सिनेमा पहिल्यापासून लावला.

१९५० च्या आधीचे बहुतेक सगळे सिनेमे याच चौकोनी आकाराचे आहेत. काळ्या पट्ट्या म्हणजे बिघाड नव्हे, त्या असू द्या. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद ठेवा.

जगभरातले दुर्लक्षित सिनेमे शोधायला निघालेली माणसं बहुतेकदा अशाच ठिकाणी अडतात. दोष प्रतीचा असतो आणि नाव सिनेमाचं खराब होतं. मोहम्मद रझा अस्लानी यांचा ‘चेस ऑफ द विंड’ (१९७६) घ्या. इराणच्या क्रांतीनंतर त्यावर बंदी आली आणि कित्येक वर्षं तो फक्त खराब व्हिडिओ कॅसेटवर फिरत राहिला. मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग त्यात नुसता अंधार दिसायचे. पुढे २०१४ मध्ये तेहरानच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात दिग्दर्शकाच्या मुलाला मूळ रिळं सापडली आणि २०२० मध्ये दुरुस्त केलेली प्रत पडद्यावर आली. म्हणून कुठलाही जुना सिनेमा लावण्याआधी त्याची दुरुस्त प्रत निघाली आहे का, ते पाहा. अमेरिकी दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांनी २००७ मध्ये सुरू केलेला ‘वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट’ आणि मुंबईचं ‘फिल्म हेरिटेज फाउंडेशन’ या जुने सिनेमे दुरुस्त करणाऱ्या संस्थांच्या याद्या मी सगळ्यात आधी उघडते. ऋत्विक घटकांचा ‘तिताश एकटि नदीर नाम’ (१९७३), अरविंदन यांचा मल्याळम ‘थंप’ (१९७८) आणि अरिबम श्याम शर्मा यांचा मणिपुरी ‘इशानौ’ (१९९०) मला तिथेच भेटले.

दुसरी चूक शोधण्यातली. सेनेगलच्या उस्मान सेम्बेन यांचा १९६६ चा सिनेमा ‘ब्लॅक गर्ल’ एवढ्याच नावाने शोधलात तर भलतंच काहीतरी समोर येईल. मूळ फ्रेंच नाव ‘ला नुआर द...’, सोबत दिग्दर्शकाचं नाव आणि साल टाका, लगेच सापडेल. एकाच सिनेमाला तीन देशांत तीन नावं असतात. मी वहीत तिन्ही लिहून ठेवते.

सबटायटलचा घोळ मात्र नीट समजून घ्या, कारण निम्मे सिनेमे लोक त्यापायीच सोडतात. ओळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच मागे किंवा पुढे असतील तर उपाय सोपा आहे: संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जी आणि एच ही बटणं दाबून त्या सरकवा. पण सुरुवातीला जुळतात आणि तासाभराने दोन-अडीच मिनिटांचा फरक पडतो, असं असेल तर बटणं दाबून काही होणार नाही. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम) चालतो, युरोपातल्या जुन्या टीव्ही-डीव्हीडीच्या प्रती २५ ने. त्यामुळे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो. आधी लांबी ताडून पाहा आणि त्याच प्रतीसाठी केलेली सबटायटल घ्या. लांबी यापेक्षा बरीच कमी भरली तर कात्री लागलेली प्रत हाती आली आहे असं समजा. अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसत असतील तर सबटायटलची फाइल यूटीएफ-८ या, सगळ्या लिप्या चालणाऱ्या पद्धतीत साठवा.

डब केलेली प्रत शक्यतो नकोच. आपल्या सोलापुरात पूर्व भागात शिरलं की तेलुगू कानावर येते, बाजारात कन्नड आणि उर्दू. शब्द कळला नाही तरी समोरचा चिडलाय की लाडात आलाय, हे आपल्याला आवाजावरून कळतं. हा कान आपल्याकडे आयता आहे. डबिंगमध्ये नेमका तो आवाजच जातो.

आणि पुण्याच्या चित्रपट महोत्सवाला जाल तेव्हा बक्षीस मिळवून आलेल्या नव्या सिनेमांच्याच रांगेत उभं राहू नका. त्यातले बरेचसे काही महिन्यांत घरी बघायला मिळतात. एखाद्या जुन्या दिग्दर्शकाच्या सिनेमांचा खास विभाग असेल तर तो आधी गाठा, कारण ते मोठ्या पडद्यावर पुन्हा कधी लागतील सांगता येत नाही. सोलापूरहून सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरली की दुपारचे दोन खेळ होतात. संध्याकाळच्या परतीच्या गाडीचं तिकीट मात्र आधीच काढून ठेवा.