एमजीबीची आतली बाजू उघडण्याआधी

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा जवळपास प्रत्येक भाग आजही नवा मिळतो, आणि गाडीच्या आतल्या मूळ सामानाचा सगळ्यात मोठा घात यानेच होतो. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून या गाड्या पाच लाखांहून जास्त निघाल्या. १९८८ पासून तर अख्खी नवी बॉडीसुद्धा बनते. त्यामुळे सीट उसवली की कव्हरचा संच मागवायचा आणि जुनं भंगारात द्यायचं, अशी सवय पडली आहे. नव्या संचातल्या चामड्याचा दाणा, पाइपिंगची जाडी, टाक्यांमधलं अंतर, काहीच हुबेहूब जुळत नाही, आणि टाकलेलं परत येत नाही. म्हणून पुढची तयारी दुरुस्तीची आहे, बदलीची नाही. डोळ्यासमोर १९६२ ते १९६७ मधली मार्क वन, म्हणजे पहिल्या आवृत्तीची, उघड्या टपाची गाडी आहे: दर्शनी भागाला चामडं असलेल्या सीट, काळ्या सुरकुतलेल्या रंगाचा पत्र्याचा डॅशबोर्ड, तारांच्या आऱ्यांचं स्टीअरिंग.

पाना उचलण्याआधी फोटो काढून घ्या. प्रत्येक कोपऱ्याचा एक लांबून, एक जवळून, शेजारी पट्टी ठेवून. सीटखालचे वॉशर, दारातल्या पॅडच्या कडा, वायरींचे रंग हे सगळं नंतर आठवेल असं वाटतं, पण तीन महिन्यांनी काही आठवत नाही. स्क्रूंसाठी किमान ४० झिपच्या पिशव्या आणा आणि नाव लिहिलेली चिठ्ठी पिशवीच्या आत टाका. बाहेर मार्करने लिहिलेलं थिनरच्या एका थेंबाने पुसलं जातं.

हत्यारं इंची मापाची लागतात. ७/१६, १/२ आणि ९/१६ एएफ (नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं इंचातलं अंतर) या तीन पान्यांवर आतलं बरंचसं काम होतं. १/२ च्या जागी १३ मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण तो ०.३ मिलिमीटरने मोठा असतो आणि गंजलेल्या बोल्टचे कोपरे गोल करून टाकतो. फुलीच्या स्क्रूंपैकी बरेच पोझिड्राइव्ह, म्हणजे फिलिप्ससारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या खाचेचे असतात. साधा फिलिप्स त्यात घसरतो आणि क्रोमचा स्क्रू कायमचा विद्रूप होतो.

बॅटरी सीटच्या मागे, कार्पेटखालच्या झाकणाआड असते: ६ व्होल्टच्या दोन, एकापुढे एक जोडलेल्या, मिळून १२ व्होल्ट. या गाड्यांना कारखान्यातून पॉझिटिव्ह अर्थिंग होतं, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं, म्हणून अर्थची, म्हणजे पॉझिटिव्हची वायर आधी सोडायची. अर्थात मधल्या साठ वर्षांत कुणी ते उलटं करून ठेवलं असू शकतं. बॉडीला कोणती वायर जाते ते डोळ्यांनी पाहा, गृहीत धरू नका.

आता सीट. तिचे बोल्ट तळाच्या पत्र्याला जोडलेल्या नटांमध्ये जातात. नट पत्र्यापासून सुटून बोल्टबरोबर फिरू लागला तर पत्रा कापावा लागतो, म्हणून आदल्या संध्याकाळी खालून गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सीटच्या रुळांखाली लाकडी पट्ट्या असतात. त्या कुजलेल्या निघाल्या तरी फेकू नका. नव्या कापायला जाडीचं माप तिथूनच मिळतं.

चामड्याची परीक्षा शिवणीपासून सुरू करा. एका ठिकाणचा दोरा सुईने उचलून ओढा. बोटाने तुटला तर सगळ्याच शिवणी गेल्यात असं समजा, पण चामडं गेलं असं समजू नका. उसवलेलं कव्हर परत शिवताना जुन्याच भोकांतून सुई गेली पाहिजे. शेजारी नवी भोकं पाडली की ती ओळ पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते. मशीनवर हे जमत नाही, हाताने दोन सुयांचा टाका घालावा लागतो. एका सीटला दोन दिवस लागतील असं धरून चला आणि अपहोल्स्ट्रीवाल्याला हे आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर तो संध्याकाळपर्यंत मशीन मारून मोकळा होतो.

धुताना सौम्य साबणाचा फक्त फेस वापरा. मऊ ब्रशने वीतभर जागा, लगेच ओल्या फडक्याने पुसायची, मग पुढची वीत. सावलीत पूर्ण दिवस वाळू द्या. कडक झालेलं चामडं मऊ करायचं औषध वरून चोपडून फारसं उपयोगी पडत नाही, कारण वरचा लेप ते आत जाऊ देत नाही. कव्हर उतरलंच आहे तर ते मागच्या, लवदार बाजूने पातळ लावा. नीट्सफूट तेल (चामड्याला लावायचं, जनावरांच्या पायांपासून काढलेलं तेल) ओतू नका. जास्तीचं तेल शिवणीत उतरतं, डाग पाडतं आणि पावसाळ्यात बुरशीला आमंत्रण देतं. फाटलेल्या जागी खालून पातळ सुती कापडाचं ठिगळ, लवचीक गोंद, वरून चामड्यासाठीचं लवचीक फिलर तीन-चार पातळ थरांत, मग रंग. गाडीच्या बॉडीचा रंग किंवा बुटाचं पॉलिश अजिबात नको. पहिला तडकतो, दुसरं कपड्यांना लागतं.

आतला फोम बहुधा पीठ झालेला असतो, तो बदलावाच लागतो. इथे एक चूक वारंवार होते: सीट भरदार दिसावी म्हणून फोम जाड टाकला जातो. जुनं चामडं आक्रसलेलं असतं, त्यामुळे सेंटिमीटरभर जास्त जाडीनेही ते चढवताना शिवणीपाशी फाटतं. फोम मूळ जाडीचा किंवा किंचित कमीच ठेवा, आणि कव्हर चढवण्याआधी अर्धा तास कोवळ्या उन्हात गरम करा. सीटच्या तळाचा रबरी आधार ताणून पाहा, भेगा दिसल्या तर नवा घाला. तो दिसत नाही, त्यामुळे तिथे मूळपणाचा हट्ट नको.

स्टीअरिंग उतरवताना मधला नट पूर्ण काढायचा नाही. दोन आटे अडकलेले ठेवून चाक दोन्ही हातांनी हलवत ओढा, नाहीतर सुटताच ते तोंडावर येतं. दांडा आणि चाक यांवर जुळणीची खूण आधी करून घ्या. कड्याच्या प्लास्टिकला आऱ्यांजवळ भेगा पडतात. त्या करवतीच्या पात्याने आतल्या लोखंडापर्यंत व्ही आकारात उघडा, गंज खरवडा, दोन भागांची इपॉक्सी पुट्टी भरा, २४ तासांनी ८०, १८० आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. पत्र्यावर लावतात ती पॉलिस्टर पुट्टी इथे टिकत नाही, कारण कडं हाताखाली लवतं.

डॅशबोर्डमध्ये सगळ्यात नाजूक चीज तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान दाखवणारा जोडमीटर. त्याच्या मागून निघणाऱ्या बारीक तांब्याच्या नळीत ईथर बंद केलेलं असतं आणि तिचं टोक सिलिंडर हेडमध्ये बसतं. नळी मोडली किंवा पिळली की ईथर उडून जातं आणि तापमानाची सुई कायमची पडते. म्हणून आधी रेडिएटरचं पाणी हेडच्या पातळीखाली उतरवा, हेडमधला नट तेलात भिजत ठेवा, आणि नट फिरवताना नळी त्याच्याबरोबर फिरत नाही ना, यावर लक्ष ठेवा. नळी कापून मीटर मोकळा करणं ही परत न फिरणारी चूक आहे. तेलाची नळी मीटरला जोडते तिथे चामड्याचा छोटा वॉशर असतो. तो जुन्या नळीतच चिकटून राहतो आणि हरवतो. नवे दोन आधीच आणून ठेवा.

विजेवरच्या आरपीएम मीटरला अर्थिंगची दिशा लागते. मीटरवर पॉझिटिव्ह अर्थ लिहिलेलं असेल आणि गाडीचं अर्थिंग उलटं केलेलं असेल तर मीटर आतून बदलून घ्यावा लागतो. पेट्रोलची सुई चावी फिरवल्यावर हळूहळू चढत असेल तर मीटर बायमेटलचा, म्हणजे गरम होऊन वाकणाऱ्या दोन धातूंच्या पट्टीवर चालणारा आहे, त्याला १० व्होल्टचा स्टॅबिलायझर लागतो. थेट १२ व्होल्ट देऊन टेबलावर तपासलात तर जळू शकतो.

डॅशबोर्डचा सुरकुतलेला रंग खरवडण्याआधी टूथब्रश आणि साबणाने धुऊन पाहा. बऱ्याचदा तो गेलेला नसतो, खाचांत मळ बसलेला असतो. खरोखर गेला असेल तर रिमूव्हरने काढा. दाबाने वाळू मारली तर सपाट पत्रा लाटेसारखा वाकतो. रिंकल पेंटचे, म्हणजे वाळताना सुरकुत्या पडणाऱ्या रंगाचे दोन डबे ठेवा, पत्रा आडवा ठेवून पाच-पाच मिनिटांनी तीन जाड हात मारा, पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा तिरका, आणि ९० अंशांच्या आसपास सारखी उष्णता द्या. सुरकुती किती मोठी पडेल हे थराच्या जाडीवर आणि उष्णतेवर ठरतं, म्हणून आधी भंगार पत्र्यावर हात बसवा. एका कोपऱ्यात चुकलं तर तेवढंच दुरुस्त होत नाही, सगळं काढून परत सुरुवात करावी लागते.

दारातली पॅडं रेक्झिन चिकटवलेल्या हार्डबोर्डची. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतंच. दाराच्या पत्र्यावरचा प्लास्टिकचा पडदा फाटला की बोर्ड खालून फुगतो. रेक्झिन ड्रायरने गरम करत सोडवा, जुन्या बोर्डवरून नवा आखा, भोकांच्या कडांसकट वॉर्निशने बंद करा, आणि जाड प्लास्टिकचा नवा पडदा लावल्याशिवाय पॅड चढवू नका.

मुंबई-कोकणात किंवा पुण्यातही चिकटवण्याचं आणि रंगाचं काम पावसाळ्यात ठेवू नका. काँटॅक्ट गोंदातला थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि जोड महिन्याभरात सुटतो. काढलेलं चामडं प्लास्टिकमध्ये गुंडाळलंत तर बुरशी धरते; जुन्या सुती धोतरात किंवा चादरीत ठेवा.

कार्पेट सगळ्यात शेवटी. डॅशबोर्ड बसल्यावर इंजिन चालू करा, तेलाच्या नळीच्या सांध्याखाली कोरा कागद धरा, आणि पंधरा मिनिटांनी तो कोराच राहिला तर मग पायाखालचं कार्पेट चिकटवायला घ्या.