३६ झाले तरी लिव्हर सरकतोच? फिल्मकडे परतताना या चुका टाळा

गेल्या चवथीला घरच्या माटोळीचे (गणपतीच्या डोक्यावर टांगतो ती फळापानांची आरास) फोटो काढायला वीस वर्षं कपाटात पडलेला पेंटॅक्स के-१००० हा फिल्म कॅमेरा बाहेर काढला. सुपारीची शिपटी, तोरिंजनं, कांगलां, एकेक नीट फोकस करून टिपत होतो. शेजारचा लहानगा कॅमेऱ्याच्या पाठीकडे वाकून म्हणाला, “काका, फोटो खंय दिसता?” मी ऐटीत सांगितलं, “दिसत नाही रे, धुवावा लागतो.” रोल छत्तीस फोटोंचा. छत्तीस झाले, अडतीस झाले, फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर आपला सरकतोच आहे. तेव्हा पोटात गोळा आला. रिवाइंडची चावी फिरवली तर काही ताणच लागेना. रोल पहिल्या फ्रेमपासून जागचा हललाच नव्हता. विसर्जन होऊन गेलं, माटोळी उतरली.

हा घोळ टाळायला दहा सेकंद लागतात. रोलची जीभ स्पूलच्या फटीत घाला, दोन्ही बाजूंची भोकं दात्यांवर बसलीत ना ते बघा, मगच झाकण लावा. नंतर रिवाइंडची चावी रोल परत गुंडाळायच्या दिशेने अलगद फिरवून ढील काढा. आता लिव्हर ओढताना ती चावी आपोआप फिरली पाहिजे. फिरली नाही तर झाकण उघडा आणि पुन्हा बसवा. एक-दोन फ्रेम गेल्या तर जाऊ द्या. रोलभर फोटो काढून झाल्यावर शंका आली तर मात्र आधी रिवाइंड, मग झाकण. उलटं केलंत तर जे आलं असेल तेही जाईल.

दोन कॅमेरे, दोन उलट्या सवयी

माझ्यासारखे बरेच जण हल्ली एका खांद्यावर डिजिटल आणि दुसऱ्यावर फिल्म लटकवून फिरतात. खरी गडबड तिथेच होते. पणजीच्या चर्चची पांढरीशुभ्र भिंत आणि जिने भर दुपारी डिजिटलवर काढले. फिल्मच्या जुन्या सवयीने एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड दिला आणि भिंत कोऱ्या कागदासारखी झाली. डिजिटलमध्ये उजेडाचा तपशील एकदा उडाला की रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याने काही न बदलता साठवलेल्या मूळ फाइलमधूनही) परत येत नाही. मग शहाणपण शिकलो आणि तेच फिल्मवर लावलं. पणजीतल्याच फोंताइन्यास या जुन्या वस्तीच्या गल्लीत उजेड सांभाळत मोजून मापून रोल संपवला. निगेटिव्ह हातात आल्या तर सावलीतले दरवाजे, खिडक्यांखालचे चिरे, सगळं नुसतं पारदर्शक. निगेटिव्हवर जिथे उजेडच पोचला नाही तिथे काही उमटत नाही, मग स्कॅन कितीही उजळा, राखाडी चिखलच दिसतो.

म्हणून डिजिटलवर उजेड वाचवा, निगेटिव्ह फिल्मवर सावली वाचवा. रंगीत निगेटिव्हला एक स्टॉप जास्त मिळाला तर ती तक्रार करत नाही, कमी पडला तर लगेच करते. शंका असली की २०० आयएसओचा रोल (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती चटकन धरते त्याचा आकडा) १०० समजून काढावा. स्लाइड फिल्म, म्हणजे जिच्यावर निगेटिव्ह न येता थेट खऱ्या रंगांचं चित्र येतं ती, याला अपवाद आहे, ती डिजिटलसारखीच नखरेल. आणखी एक गोष्ट. पांढऱ्या भिंतीसमोर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर हमखास फसतो आणि फोटो काळवंडतो. उजेडाचं माप आपल्या तळहातावरून घ्या आणि एक स्टॉप वाढवा.

आयएसओची चकती हा त्याच घोळाचा धाकटा भाऊ. डिजिटलवर दर फोटोला आयएसओ बदलता येतो, फिल्मवर रोल बदलेपर्यंत तोच. आधीच्या ४०० वर राहिलेली चकती मी २०० चा रोल घालून तशीच ठेवली होती, म्हणजे रोलभर एक स्टॉप उजेड कमी. आता रोलच्या डब्याचा आकडा असलेला तुकडा कापून कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटवतो.

बॅटरी

के-१००० चा शटर यांत्रिक आहे, बॅटरी फक्त मीटरला लागते. पण त्याला बंद-चालू करायचं बटणच नाही, लेन्सवर टोपी घातली की अंधारात मीटर निजतो. टोपी न घालता ठेवलात की बॅटरी संपली. साठ-सत्तरच्या दशकातले बरेच कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालत. त्या आता बनत नाहीत. १.५ ची साधी घातली तर काटा हलतो, पण बरेचदा खोटं सांगतो. अशांना कानाच्या मशीनची ६७५ नंबरची बॅटरी बरी पडते, १.४ व्होल्टची.

पावसाळा

गोव्यात कॅमेऱ्याचा खरा शत्रू बुरशी. आणि तिचं लाडकं माहेर म्हणजे आपण प्रेमाने जपलेली चामड्याची पेटी. लेन्समधून टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती इतर लेन्सपासून दूर ठेवा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आणि शक्य असेल तर आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. तांदळात ठेवू नका, तो ओल ओढतो थोडी आणि पिठूळ धूळ देतो जास्त.

रोल फ्रिजमध्ये ठेवत असाल तर काढल्या काढल्या डबी उघडायची नाही. बाहेरच्या दमट हवेने फिल्मवर घाम धरतो. तासभर तरी तशीच राहू द्या. प्रवासात रोल हातातल्या पिशवीतच, सामानात टाकलेल्या बॅगेचं स्कॅनर फिल्म खराब करतं.

घरी रोल धुताना

काळ्यापांढऱ्या रोलची वेळ २० अंशाला धरलेली असते. इल्फर्ड एचपी-५ ला डी-७६ या डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन), तो आणखी पातळ न करता, साडेसात मिनिटं. इथे मे महिन्यात छतावरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी हाताला चटका देतं. तेवढ्या पाण्यात साडेसात मिनिटं दिलीत तर निगेटिव्ह काळीकुट्ट होईल. वेळ कमी केली तर पाच मिनिटांच्या खाली डेव्हलपिंग धड एकसारखं होत नाही. मी परातीत बर्फाचे खडे टाकून बाटल्या तीत उभ्या करतो. सगळ्या बाटल्या जवळपास एकाच तापमानाला आणायच्या, नुसतं डेव्हलपर नव्हे. घरात त्या दिवशी सोलकढीला बर्फ उरत नाही, तेवढं ऐकून घ्यावं लागतं.